नेकनूरच्या अलीकडचं भांडण

रस्ता खराब आहे म्हणून रडणारी माणसं आमच्या बीड जिल्ह्यात पैशाला पासरी मिळतील. रस्ता चांगला झाला म्हणून हळहळलेला माणूस मी एकच पाहिला. ते आमचे डॉक्टर.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे. कागदावर तर तेही नाही. कागदावर ते पशुधन पर्यवेक्षक. पण ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर, अशी आमच्याकडची रीत, आणि त्यांनी ती कधी मोडली नाही. "पर्यवेक्षक म्हनलं की म्हैस उभी ऱ्हात न्हाई मॅडम," असं ते म्हणायचे. अंगानं किडकिडीत, डोक्यावर बारा महिने एक खाकी टोपी आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी थर्मामीटर. हा थर्मामीटर जनावराच्या कुठल्या भागात जाऊन आलेला असतो हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे त्यांचा पेन सहसा कोणी मागत नसे.

मी जिल्हा परिषदेची मास्तरीण. माझी शाळा, डॉक्टरांचा जनावरांचा दवाखाना आणि आमच्या विज्ञानाच्या सरांचं हायस्कूल, तिन्ही नेकनूरच्या पुढं केजच्या रस्त्याला, एकाच फाट्यावरून आत. चौथे तिथलेच ग्रामसेवक. त्यांना सगळा गाव भाऊसाहेब म्हणतो, म्हणून आम्हीही म्हणायचो. आम्ही चौघंही राहायला बीडला. सकाळी डॉक्टरांच्या जुन्या पांढऱ्या गाडीत बसायचं, घाट चढून मांजरसुंब्याला यायचं, तिथून डावीकडं नेकनूर, नेकनूरपासून पुढं पंधराएक किलोमीटरवर आमचा फाटा. संध्याकाळी हेच उलट. याला आमच्यात अप-डाउन म्हणतात, आणि माझी आठ वर्षं त्यात गेली.

सरकारचं म्हणणं असं की, नोकरदारानं नोकरीच्या गावीच राहावं, आणि राहतो असा दाखला द्यावा. दाखला द्यायचा ग्रामपंचायतीनं, म्हणजे भाऊसाहेबांनी. भाऊसाहेब तो गाडीतच लिहायचे. मांडीवर फाईल, फाईलवर कागद, "सदर शिक्षिका मौजे मजकूर येथे कायमस्वरूपी वास्तव्यास आहेत," आणि गाडी तेव्हा पालीच्या तलावाजवळून चाललेली. शिक्का मात्र घाट चढून झाल्यावर मारायचे, कारण घाटात तो वाकडा बसतो. डॉक्टर आरशातून बघत म्हणायचे, "भाऊसाहेब, एक ओळ वाढवा खाली. सदर मौजे ताशी साठच्या स्पीडनं पळत असतं म्हणून." आम्ही हसायचो. लाज वाटायला हवी होती, पण मांजरसुंब्याच्या चौकात सकाळी नऊ वाजता उभं राहिलं तर अर्धा जिल्हा असाच आपल्या कायमच्या वास्तव्याकडं पळताना दिसतो, त्यामुळं कोण कुणाला लाजणार?

जुना रस्ता होता तेव्हा डॉक्टर सुखी होते. तो रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंनी लिंब आणि चिंचा, मधे खड्डे, आणि हंगामात उसाच्या बैलगाड्या. खड्डा चुकवावा तर बैल पुढ्यात, बैल चुकवावा तर दुसरा खड्डा. पाठीचे मणके खिळखिळे व्हायचे, पण डॉक्टर शीळ घालत गाडी चालवायचे. मग रस्ता रुंद करायचं ठरलं. आधी झाडं गेली, मग खड्डे गेले, मग दोन पावसाळे नुसती धूळ खाल्ली, आणि एके दिवशी पांढराशुभ्र सिमेंटचा रस्ता आमच्यासमोर आडवा पडला. नेकनूर सोडलं की आमच्या फाट्यापर्यंत सरळच्या सरळ. वळण नाही, सावली नाही, चढ नाही, उतार नाही.

पहिल्या दिवशी आम्ही तिघं हरखून गेलो होतो. सरांनी तर बाटलीच्या झाकणात पाणी भरून ते तळहातावर ठेवलं आणि फाट्यापर्यंत थेंब सांडू न देता आणून दाखवलं. डॉक्टरांनी मात्र फाट्यावर गाडी थांबवून मागं वळून तो रस्ता एकदा नीट बघितला. आजारी जनावराकडं ते असंच बघायचे.

"हा रस्ता माणसं मारणार," ते म्हणाले.

"कावून?" भाऊसाहेब म्हणाले. "खड्डा न्हाई, काय न्हाई."

"तेच तर. वळणावर माणूस भेतो, अन् भ्यालेला माणूस जागा ऱ्हातो. आमच्या धारूरच्या घाटात आजवर एकाला बी जांभई आली न्हाई. देवाचं नाव आलं आसंल तोंडात, पर जांभई न्हाई. हितं कशाला भ्यायचं? हितं नुसतं झोपायचं."

तेव्हापासून त्यांनी जिल्ह्यातले सगळे रस्ते जांभयांनी मोजायला सुरुवात केली. बीडच्या बाहेरून काढलेला रस्ता दोन जांभयांचा. मांजरसुंब्याहून चौसाळ्याकडं जाणारा चार जांभयांचा. एकदा ते पुतणीच्या लग्नाला सोलापूरला जाऊन आले. लग्न कसं झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "जाताना सहा, येताना नऊ." नवरदेव काय करतो हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि नेकनूर ते आमचा फाटा? "त्याला मोजमापच न्हाई. जांभई देयाला तरी माणूस जागा पायजे का न्हाई?"

एवढ्यावर थांबले असते तर त्यांना चारचौघांसारखं म्हटलं असतं. त्यांनी अर्ज केला. रस्त्याच्या कामाच्या कचेरीत, रीतसर, आवक क्रमांक घेऊन. मी तो वाचला आहे. विषय होता : सदर रस्त्यास किमान तीन वळणे मंजूर होणेबाबत. खाली लिहिलं होतं की, वळणे देणे शक्य नसल्यास तोडलेल्या झाडांइतकी झाडे द्यावीत, तेही शक्य नसल्यास एखादा पूल तरी वाकडा बांधावा. कचेरीतल्या बाबूनं तो अर्ज तीनदा वाचला आणि विचारलं, "डॉक्टर, लोकं वळण काढा म्हणून अर्ज देतेत. घाला म्हणून देणारे तुमीच पहिले. प्रकृती बरी हाय ना?"

डॉक्टर म्हणाले, "माझी बरी हाय. रस्त्याची बघा."

आणि गंमत म्हणजे अर्जावर कार्यवाही झाली. चार-पाच महिन्यांनी नेकनूरच्या पुढं, जिथं डोळे फाडून बघितलं तरी मैलभर सरळ रेघ दिसते, तिथं एक पिवळा बोर्ड उभा राहिला : 'पुढे धोकादायक वळण आहे. वाहने सावकाश चालवा.' कुठल्या फायलीतून कुठला कागद कुठं गेला, देवाला ठाऊक. सर चिडले, म्हणाले हा शासनाचा गलथानपणा आहे. डॉक्टर मात्र खाली उतरून बोर्डाला हात लावून आले. "अर्धं काम झालं की सर! वळण मंजूर झालं, आता नुसतं बसवायचं ऱ्हायलं." नवखे गाडीवाले त्या बोर्डाशी वेग कमी करायचे आणि वळण शोधत शोधत पुढं जायचे. डॉक्टरांना त्याचं समाधान वाटे. हुडकणारा माणूस झोपत नाही, असं ते म्हणायचे.

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण त्यामागचं कारण हसण्यासारखं नव्हतं. रस्ता झाला त्याच वर्षी वहिनींना, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली आणि हळूहळू थोडी परत आली. दिवसा एक मावशी त्यांच्यापाशी थांबायच्या. त्या संध्याकाळी सहाला निघायच्या, कारण त्यांचंही घर होतं. सहानंतर सगळं डॉक्टरांकडं. रात्री दर दोन तासांनी वहिनींना कुशीवर वळवायचं, पाणी द्यायचं, कपडे बदलायचे. तुकड्या-तुकड्यांनी मिळून तीन-चार तास झोप व्हायची. वहिनींची धाकटी बहीण धारूरला असते, लेकरं मोठी झालेली, ती येऊन राहायला तयार होती. "तिच्या घरचं कोण बघंल? कशाला दुसऱ्याला तरास," म्हणून डॉक्टर ते टाळायचे.

म्हणजे मामला असा : ज्या माणसाला सगळ्यात जास्त झोप हवी होती, तोच माणूस रोज संध्याकाळी, मावळता सूर्य डोळ्यांवर घेऊन, जिल्ह्यातल्या सगळ्यात झोपाळू रस्त्यावरून आम्हाला आणत होता. थांबून डुलकी घ्यावी तर सहा वाजून जाणार. एसटीनं यावं तर सात. आम्ही तिघंही गाडी चालवण्यात शून्य. सरांना इंजिन फळ्यावर काढता यायचं. भाऊसाहेबांकडं लायसन होतं, पण ते त्यांना एका ओळखीच्या माणसानं दिवाळीला आणून दिलं होतं. आणि मी शिकेन शिकेन म्हणत होते. सगळं माहीत असून आम्ही रोज त्या गाडीत बसत होतो, कारण बसलो नसतो तर गावात राहावं लागलं असतं.

डॉक्टरांनी झोपेवर इलाज काढला तो भांडणाचा.

फाटा सोडला की ते पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाकडं एकदा तिरकं बघायचे आणि काहीतरी असं बोलायचे की, त्या माणसाच्या कानाची पाळी लाल व्हावी. "सर, तुमी मिशी रंगवता, का बूट पालिश करताना तोल जातो?" सर एरवी मवाळ, पण मिशीवर ते कोणाचं ऐकून घेत नसत. ते डॉक्टरांच्या टोपीवर यायचे, डॉक्टर त्यांच्या उभ्या हयातीत एकदाही यशस्वी न झालेल्या प्रयोगांवर जायचे, आणि दोघं असे कडाकडा भांडायचे की शेतातली माणसं मान वर करून बघायची. दुसऱ्या दिवशी पाळी भाऊसाहेबांची. "तुमच्या रजिस्टरात माणसाची जन्मतारीख बघण्यापरीस मी त्याचे दात बघून वय सांगतो. बरोबर येतंय." भाऊसाहेब विचारायचे, "तुमी सुई मारलेली किती जनावरं हायती जित्ती?" मग पुन्हा दात, पुन्हा सुई, पुन्हा रजिस्टर. नेकनूरचा पहिला गतिरोधक लागला की डॉक्टर एकदम मऊ आवाजात म्हणायचे, "झालं. जागे हाव का समदे?" मग हॉटेलाशी पाच मिनिटं उभ्या उभ्या चहा. तिथं कोणी कोणाचं काही मनात ठेवायचं नाही, असा कायदा होता.

आणखी एक कायदा होता. राजकारणावर भांडायचं नाही. "ते भांडण नेकनूरला थांबत न्हाई. ते घरी येतं, जेवायला बसतं," असं ते म्हणायचे. बीड जिल्ह्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला लागत नाही.

हा इलाज नवा होता तेव्हा पहिल्या भांडणाला मला वाटलं, आता मुडदा पडतो. सरांनी चालत्या गाडीचं दार उघडायला हात घातला होता आणि डॉक्टर सांगत होते, "उतरा की, पर शिवी पुरी देऊन उतरा!" नेकनूरला चहाचा कप हातात देत भाऊसाहेब माझ्या कानाशी लागले, "मॅडम, घाबरू नका. हे औषध हाय. जेवणानंतर एक येळा."

मला मात्र डॉक्टरांनी कधी पुढं बसवलं नाही. "बाईमाणसाशी भांडणं बरं दिसत न्हाई," हे त्यांचं एकच पालुपद. तुमी माघं बसा, निवांत झोपा. मला त्याचा राग यायचा. मी काय भांडणात कच्ची आहे? माझ्या घरी विचारा. शिवाय मागच्या सीटवर झोप लागायची नाही ती नाहीच; आरशात डॉक्टरांचे डोळे दिसायचे आणि मी ते मिटत नाहीत ना, हे बघत बसायची.

मग तो फेब्रुवारीतला दिवस आला. भाऊसाहेब तालुक्याला बैठकीला गेलेले, सरांची परीक्षेची ड्यूटी. परतीला आम्ही दोघंच. आदल्या रात्री वहिनींना ताप होता, आणि दिवसभर डॉक्टरांनी गावोगाव फिरून जनावरांना लसी टोचल्या होत्या. मी न विचारता पुढचं दार उघडून बसले. ते काही म्हणाले नाहीत, यावरूनच मी ओळखलं की आज काही खरं नाही.

फाटा सोडून पाच मिनिटं झाली असतील. एक जांभई. दुसरी. तिसरी अर्ध्यावरच विरली आणि त्यांची मान किंचित खाली आली. समोर उसाची ट्रॉली चालली होती, मागं दिवा नाही, काही नाही, नुसता उसाचा डोंगर. मी ओरडले. डॉक्टरांनी ब्रेक दाबला. मागं लोंबणारी उसाची हिरवी वाढी काचेवर घासून गेली आणि गाडी उभी राहिली. ट्रॉलीवाल्याला काही कळलंसुद्धा नाही, तो त्याच्या गाण्यांच्या नादात पुढं गेला.

"डॉक्टर, पंधरा मिनिटं झोपा. मी बसते इथं."

"सव्वापाच होतेत, मॅडम. मावशी जातेल."

"मग जातील! पंधरा मिनिटांनी काय होतंय?"

"तिला एकटीला पाणी बी घेता येत न्हाई," ते म्हणाले आणि गाडी चालू केली.

आता भांडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी कंबर कसली. "तुमच्या गाडीला जनावरांचा वास येतो," मी म्हणाले.

"येतो खरा," डॉक्टर अदबीनं म्हणाले.

"तुम्हाला गाडी चालवता येत नाही. आठ वर्षं बघतेय."

"तसं रीतसर शिकलो न्हाई मी."

"गावात लोक म्हणतात, तुम्ही सुई टोचली की गाय दूध द्यायची बंद होते."

"म्हणत असतेल, मॅडम. लोकांचं काय चुकत न्हाई." आणि चौथी जांभई.

असा भांडखोर माणूस आणि माझ्या वाट्याला आला तो असा! काहीही म्हणा, हो. समोर ती पांढरी रेघ, डोळ्यांवर उतरता सूर्य, आणि शेजारी हा माणूस हो हो म्हणत हळूहळू झोपेत उतरत होता. मला घरची माणसं आठवली. मी खरोखर घाबरले होते. आणि त्या भीतीतच, इतके दिवस मागच्या सीटवर बसून मनात साठलेलं होतं ते तोंडातून निघालं.

"तुम्हाला वहिनींची काळजी नाहीच. तुम्हाला नाव पाहिजे. बायकोचं किती करतो बिचारा, असं लोकांनी म्हणायला पाहिजे. म्हणून बहिणीला येऊ देत नाही. सगळं मीच करणार! आज त्या उसात घुसला असतात तर वहिनींना सहा वाजता पाणी कोण देणार होतं? तुम्हीच मारणार आहात त्यांना. झटक्यानं नाही मारलं, तुम्ही मारणार."

मग डॉक्टर जे भडकले, तसं भडकलेलं मी त्यांना ना सरांवर पाहिलं होतं ना भाऊसाहेबांवर.

"तुला काय माहीत बे?" ते ओरडले. मला. मास्तरणीला. "तू कवा आलतीस बघायला? तीन वर्सांत एक दिस? रातच्याला ती कशी बघती माह्याकडं, तुला माहीत हाय? बहिणीसमोर तिला लाज वाटंल म्हणून मी... नाव पायजे म्हणती! नाव!"

"मग विचारलं का वहिनींना, लाज वाटते का?"

"विचारायचं काय त्यात? मला कळत न्हाई का?"

"नाही कळत!"

असे आम्ही भांडलो. मीही मागं हटले नाही. मला रडू येत होतं आणि मी रडत रडत भांडत होते. नेकनूरचा गतिरोधक आला आणि गेला. झालं म्हणाले नाहीत. चहाला थांबले नाहीत. मांजरसुंबा आलं, घाट उतरलो, तरी त्यांचा जबडा घट्ट. पण डोळे टक्क उघडे होते. माझ्या कोपऱ्यावर त्यांनी मला उतरवलं आणि मागं न बघता गेले. घड्याळात सहाला तीन मिनिटं कमी होती.

दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. फोन वाजत राहायचा. सर म्हणाले, तुम्ही फारच बोललात मॅडम. दोन दिवस एसटीत उभं राहून भाऊसाहेबांची कंबर धरली होती, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला वाटत होतं की, मी एका दमलेल्या माणसाच्या वर्मावर घाव घातला. रविवारी दुपारी मी धीर करून त्यांच्या घरी गेले. डॉक्टरांचं खरंच होतं, तीन वर्षांत पहिल्यांदा.

दार एका बाईनं उघडलं. वहिनींचीच ठेवण, फक्त दहा वर्षांनी लहान. धारूरची बहीण. "दाजी झोपलेत," ती म्हणाली. "दाजींचा फोन आलता, म्हणून दुसऱ्या दिशी पहिल्याच गाडीनं आले. तवापून झोपलेतच की. जेवायला उठतेत अन् परत पडतेत. रजा टाकली म्हणं."

माझ्या जिवात जीव आला. पुढच्या खोलीत पलंगावर उशांना टेकून वहिनी बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या, पण केसांना तेल होतं आणि कपाळाला कुंकू नीट मधोमध. मी शेजारी बसून म्हणाले, "वहिनी, मी भलतंसलतं बोलले त्यांना. माझी चूक झाली."

त्यांनी डावा हात हलवला. नाही म्हणून. मग शब्द गोळा करायला लागल्या. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा वर यायचा.

"मी... कवाची... म्हणत होते. बहिणीला... बोलवा."

"मग? ते काय म्हणायचे?"

"हो म्हणायचे."

"आणि?"

"नुसतं... हो." त्यांनी दम घेतला. "पयले... लई भांडायचो आमी. शेजारीन... दारात यायची. आता... काय बी म्हना. भाजी खारट... हो. पंखा बंद करा... हो. मला कटाळा आला... हो." डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं. "माणूस... पडलं म्हणून... त्याच्यासंगं... भांडायचं बी न्हाई का?"

तीन वर्षं या घरातली भांडणं ते फाटा ते नेकनूर आमच्यावर काढत होते, आणि आम्ही त्याला रस्त्यावरचं औषध म्हणत होतो. ज्या बाईचं ते होतं, तिला मात्र त्यातलं एकही मिळालेलं नव्हतं. तिला मिळत होता फक्त होकार, रोज, गोळ्यांसारखा वेळेवर.

आतून खोकल्याचा आवाज आला आणि डॉक्टर दारात आले. टोपीशिवाय मी त्यांना प्रथमच बघत होते. डोक्यावरचे चार केस उभे, गालावर उशीचे वळ. मला बघून थबकले. मग आत गेले, भांड्यांचा आवाज झाला, आणि चहाचे कप घेऊन आले. माझ्या हातात एक दिला. वहिनींचा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी त्यांच्या ओठांशी धरली.

वहिनींनी एक घोट घेतला. "पांचट," त्या म्हणाल्या.

"हो, जरा झालाय," डॉक्टर लगेच म्हणाले.

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेला मी काय करणार होते? "डॉक्टर," मी म्हणाले, "वहिनी भांडतायत तुमच्याशी. तुम्ही हो कावून म्हणता?"

त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग बायकोकडं. मग बशी स्टुलावर ठेवली, पाठ सरळ केली आणि आवाज थोडा चढवून, जरा अंदाज घेत म्हणाले, "पांचट? तीस वर्सं तुझ्या हातचा काढा पेलो मी. कवा काय म्हनलतो का?"

वहिनींच्या ओठाचा डावा कोपरा हलला. शब्द येत होता पण निघत नव्हता. मान ताणली गेली, डावी मूठ चादरीवर घट्ट झाली. बहीण पुढं झाली, वहिनींना काय म्हणायचं आहे हे तिला कळलं असावं. ती बोलणार तोच डॉक्टरांनी हात आडवा केला.

"थांब. तिला म्हणू दे."

आम्ही थांबलो. मिनिटभर तरी थांबलो असू. चहावर साय धरली.

"म्हनलता... की," वहिनी म्हणाल्या. "भर... पंगतीत. माह्या... बापासमोर."

आणि डॉक्टर चिडले.